तो तक्ता ग्रुपवरून काढा

सोमवार

[७:१२] बी-५०१ पाटील वहिनी: कालच्या शिबिराचा तक्ता ग्रुपवर कोणी टाकला? नाव, वय, वजन आणि पुढे लाल पेनानं चरबीचे टक्के. सतराव्या ओळीत माझी मुलगी आहे. वय १६. तिच्या क्लासची दोन मुलं याच सोसायटीत राहतात. फोटो आत्ताच्या आत्ता काढा.

[७:१४] ए-२०३ गोखले काका: सुप्रभात 🙏 आरोग्यं धनसंपदा.

[७:१५] बी-५०१ पाटील वहिनी: काका, प्लीज.

[७:२१] सी-१०२ शिंदे, खजिनदार: वहिनी, मी टाकला. बऱ्याच जणांचे रिपोर्ट घ्यायचे राहिलेत, त्यांना दिसावेत म्हणून. वाईट हेतू नव्हता. माझेही ३४ आलेत, मी लपवले का?

[७:२३] बी-५०१ पाटील वहिनी: तुमचे ३४ तुम्ही खुशाल गेटवर लावा. माझ्या मुलीचे नाहीत.

[७:३०] सी-६०४ नातू: जिमच्या खोलीची किल्ली सध्या कोणाकडे असते?

[७:३४] सेक्रेटरी: अ‍ॅडमिन म्हणून फोटो काढून टाकला आहे. ज्यांनी फोनमध्ये उतरवून घेतला असेल त्यांनी कृपया पुसावा. वहिनी, कमिटीतर्फे दिलगीर आहे.

[७:५२] बी-३०२ केळकर: शिबिरातलं मशीनच बिघडलेलं आहे. मी ६१ किलो. कॉलेजपासून तीच पँट. आणि मला २९ टक्के? शिंदे माझ्या दीडपट आहेत, त्यांना ३४!

[७:५५] सी-१०२ शिंदे, खजिनदार: दीडपट कोणाला म्हणता?

[७:५६] बी-३०२ केळकर: सॉरी, सव्वापट 😄

[८:०१] बी-१०३ कदम: मशीनपेक्षा त्यांचा पावडरचा डबा बघा. ३,२०० रुपये. आकडा सांगायचा, घाबरवायचं आणि डबा पुढे करायचा. आमच्या हिनं घेतला.

[८:०२] ए-२०३ गोखले काकू: आम्हीपण 😔

[८:४०] ए-१०४ साठे ताई: मी ३१ वर्षं हॉस्पिटलमध्ये नर्स होते, म्हणून लिहिते. ते मशीन चरबी मोजत नाही. हातापायांतून अगदी बारीक करंट सोडतं आणि तो किती अडतो ते बघतं. स्नायूंत पाणी भरपूर, त्यामुळे करंट सहज जातो. चरबीत पाणी कमी, तिथं अडतो. त्यावरून टक्के काढतात. अंगातलं पाणी कमी असेल तर आकडा फुगतो. काल शिबिर ११ ला उन्हात होतं, निम्मी मंडळी चालण्याच्या स्पर्धेवरून घामाघूम होऊन थेट मशीनवर उभी राहिली, बाकीची मिसळ खाऊन. पहाटे, उपाशीपोटी, संडासला जाऊन आल्यावर, दर वेळी त्याच मशीनवर मोजलं तर निदान आपला आकडा वर चाललाय की खाली एवढं कळतं. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. आणि वाढत्या वयाच्या मुलीला मोठ्या बायकांच्या तक्त्यात बसवणं साफ चूक आहे.

[८:४४] बी-३०२ केळकर: म्हणजे मी सुटलो.

[८:५१] ए-१०४ साठे ताई: नाही केळकर. घरी टेप असेल तर बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून, पोट मोजा. ओढून धरू नका. आपल्याकडे पुरुषांची मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम माहीत असेल. २००४ साली त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज मित्राचा, डॉ. युडकिन यांचा, एकत्र फोटो लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि आत चरबी, अशी आपल्यापैकी कित्येकांची ठेवण असते. पँट तीच राहिली एवढ्यावर जाऊ नका.

[९:१९] बी-३०२ केळकर: ९४ आलं.

[९:२०] सी-१०२ शिंदे, खजिनदार: 🙏

[९:२२] सी-६०४ नातू: जिमची किल्ली?

[१०:०५] सी-२०१ जाधव काका: मी इतके दिवस सांगतोय, कोणी ऐकत नाही. दीक्षित सर सांगतात तसं दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मी ९ किलो उतरवले.

[१०:०९] ए-२०३ गोखले काकू: भाऊजी, उपाशी राहून मला पित्त होतं. मी ऋजुता दिवेकरांचं ऐकते. थोडं थोडं, वेळेवर, घरचं. तूपसुद्धा खाते.

[१०:११] सी-२०१ जाधव काका: मग किती उतरलं?

[१०:१२] ए-२०३ गोखले काकू: उतरायलाच हवं असं कुठं आहे? मला झोप लागते, ते बास आहे.

[१०:१४] ए-१०४ साठे ताई: जाधव भाऊ, तुम्हाला मानवलं, आनंद आहे. पण इथं चार-पाच जण तरी शुगरच्या गोळ्या घेतात. काही गोळ्या अशा असतात की जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली येते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण बंद करू नये. बाकी दोनदा खा नाहीतर सहादा, दिवसभरात एकूण किती आणि काय पोटात गेलं त्यावर ठरतं.

[१०:१५] सी-२०१ जाधव काका: ठीक. माझं म्हणणं वर लिहिलं आहे, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं. दोनदाच, ५५ मिनिटं.

[१०:३०] बी-१०३ कदम: सी विंगची लिफ्ट तीन दिवस बंद आहे, तेवढा व्यायाम पुरे नाही का? 😂

[१०:३३] सी-४०३ देशमुख आजोबा: माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. तीन दिवस मी खाली उतरलेलो नाही. यात हसण्यासारखं काय ते सांगा.

[१०:३४] बी-१०३ कदम: चुकलं आजोबा. संध्याकाळी भाजी आणून देतो.

[१०:३६] सेक्रेटरी: लिफ्टचा माणूस दुपारी २ ला येतोय.

[१३:४८] बी-५०१ पाटील वहिनी: साठे ताई, वेगळा मेसेज करणार होते, पण इथंच लिहिते, कारण इथूनच सुरू झालं. काल रात्रीपासून तिनं अर्धं सफरचंद आणि बिनदुधाची कॉफी एवढंच घेतलंय. डबा तसाच परत आला. पोळी-भाजीची घडीसुद्धा मोडलेली नाही. काही विचारलं की म्हणते, "तक्त्यात सगळ्यांनी बघितलंय."

[१३:५९] ए-१०४ साठे ताई: संध्याकाळी येते मी. तोवर तिला "खा" म्हणून मागे लागू नका आणि तिच्यासमोर कोणाच्याही वजनावर बोलू नका, स्वतःच्याही नाही. या वयात मुलींच्या अंगावर चरबी चढते ती शरीर घडायला. फारच खाणं तोडलं की पाळी थांबते, हाडं कमकुवत राहतात. हे मी वॉर्डात पाहिलंय. तसाच जेवण टाळायचा क्रम दिसला तर दोन-चार दिवस वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या.

[१४:०२] सी-१०२ शिंदे, खजिनदार: वहिनी, मला खरंच वाईट वाटतंय. सकाळी मी उगाच वाद घातला. येऊन माफी मागू का तिची?

[१४:१०] बी-५०१ पाटील वहिनी: आज नको.

[१४:२५] ए-४०२ माने: मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. पण हा तक्ता बघून माझं स्वतःचं आठवलं. मी ४६ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ७२ किलो, चरबी ३८ टक्के. घाबरून महिनाभर नुसते रस आणि सूप. ४ किलो उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. पुन्हा मोजलं तर टक्के ३८ च! म्हणजे चरबीबरोबर स्नायूही गेले होते. केस गळले ते वेगळंच. दिवाळीपर्यंत चारही किलो परत.

मग काय केलं ते सांगते. आधी तेलाच्या कॅनवर मार्करनं तारीख घातली. आम्ही तीन माणसं. ५ लिटरचा कॅन बरोबर ३० दिवसांत संपला. हिशेब केला तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल, म्हणजे साडेचारशे कॅलरी, नुसत्या फोडणीत, थालीपिठात आणि तळणात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या नमुना ताटात तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास आहे. पळी कपाटात ठेवली, चहाचा चमचा काढला. आता तोच कॅन दोन महिने जातो. चव? पहिले पंधरा दिवस नवरा कुरकुरला, नंतर विसरला.

दुसरं, प्रथिनं. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. पोहे रविवारी. दुपारी भात अर्धा, मटकीची उसळ दुप्पट. रात्री वरण घट्ट, वाटी भरून, आणि दही. पोट भरलेलं राहिलं की साडेपाचचा फरसाणचा डबा आपोआप बंद होतो.

तिसरं, वजन उचलणं. मी चालत होतेच, पण ४५ मिनिटं चालून साधारण १५०-२०० कॅलरी जातात आणि कोपऱ्यावरच्या एका वडापावात ३०० येतात. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर हात टेकून दंड, आणि ५ किलोच्या तांदळाच्या पिशव्या दोन हातांत घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या. १४ महिन्यांत ६५ किलो, ३१ टक्के. वजन ७ किलोच उतरलं, पण गणित करा: आधी अंगावर साडेसत्तावीस किलोच्या आतबाहेर चरबी होती, आता वीस. म्हणजे गेलं ते जवळजवळ सगळं चरबीचंच. पोटाची आधी जाईल असं वाटलं होतं, पण पहिली चेहऱ्यावरची गेली. कुठून जायचं ते आपल्या हातात नसतं.

[१४:३१] ए-२०३ गोखले काकू: माने, किती छान लिहिलंस गं. धिरड्यात आलं घालतेस का?

[१४:३३] ए-४०२ माने: आलं, मिरची, आणि मूग सालासकट.

[१४:३६] सी-२०१ जाधव काका: हेही दोनदाच खाल्लं तर आणखी उतरेल.

[१४:३७] ए-४०२ माने: काका 🙏

[१४:५०] बी-३०२ केळकर: माने वहिनी, मी अंडी खात नाही. काय करू?

[१४:५५] ए-४०२ माने: पनीर १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं. फुटाणे मूठभर. सोयाबीनच्या वड्या भाजीत. ताक पाणी घालून पातळ करू नका, दहीच खा. आणि तुम्ही वजन कमी करायच्या मागे लागू नका, ६१ च राहू दे. स्नायू वाढवा, टक्के उतरतील.

[१५:१०] सी-६०४ नातू: किल्ली? तिसऱ्यांदा विचारतोय. ८५० रुपये मेंटेनन्समध्ये जिमसुद्धा येतं ना?

[१५:२२] सेक्रेटरी: नातू साहेब, खोलीत गणपतीचं सामान आहे. मखर, समया, मांडवाचे बांबू.

[१५:२४] सी-६०४ नातू: गणपती होऊन पाच महिने झाले.

[१५:२५] बी-१०३ कदम: ट्रेडमिलवर सतरंज्यांची चळत आहे, मी खिडकीतून बघितलंय. डंबेल मखराखाली.

[१५:४०] सेक्रेटरी: पार्किंगच्या मागची खोली रिकामी करायला तीन माणसं हवीत. नेहमीसारखं मी आणि वॉचमन नको.

[१५:४१] सी-१०२ शिंदे, खजिनदार: मी आहे.

[१५:४१] बी-३०२ केळकर: मी.

[१५:४२] सी-६०४ नातू: मी तर आहेच.

[२१:१७] ए-१०४ साठे ताई: पाटलांकडे जाऊन आले. जास्त लिहीत नाही.

[२१:३०] बी-५०१ पाटील वहिनी: ताईंबरोबर बसून वरण-भात खाल्ला. लिंबू मागून घेतलं. बाकी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. माने, तिनं तुमचा मेसेज वाचला वाटतं. झोपताना विचारत होती, तांदळाच्या पिशव्या घेऊन फेऱ्या किती मारायच्या.

[२१:३४] ए-४०२ माने: शनिवारी सकाळी मी पॅसेजमध्येच असते. पाठवा. वजनकाटा आमच्याकडे माळ्यावर टाकलाय, तिला सांगा.

[२१:५०] सेक्रेटरी: बांबू आणि मखर हलवलं. सतरंज्या उद्या. किल्ली आजपासून वॉचमनच्या केबिनमध्ये, डाव्या खिळ्याला. सकाळी ५:३० ते ९. वापरणाऱ्यानं वहीत सही करावी. आणि यापुढे कोणाचाही रिपोर्ट ग्रुपवर टाकायचा नाही, हे बैठकीच्या वहीत लिहून घेतो.

[२१:५२] सी-६०४ नातू: आभारी आहे. ट्रेडमिलचा प्लग जळालेला आहे.