प्रतिसाद: फक्त खाण्याला दोष नको

'मूल जास्त खातं म्हणून जाड होतं, खाणं कमी करा' असं मुलांच्या लठ्ठपणाबद्दल इथे म्हटलं गेलं आहे. ते मला अर्धंच पटलं. किती खातं यापेक्षा काय खातं आणि कसं खातं, हे आधी बघायला हवं.

गोड पेयांचंच घ्या. 330 मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम, म्हणजे आठ-नऊ चमचे साखर असते. एवढी साखर पोटात जाऊनही पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे पुढचं जेवण काही कमी होत नाही. फळांच्या रसाचंही तेच, चोथा गेला की उरते मुख्यतः साखरच. अख्खं फळ चावून खाल्लं की मूल आपोआप थांबतं.

स्क्रीनसमोर जेवताना तर पोट भरल्याची जाणीवच हरवते. शिवाय खायला भुलवणाऱ्या जाहिराती, आणि रात्री उशिरापर्यंतचं जागरण. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि तृप्ती देणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. या झोपेबद्दल फार कमी बोललं जातं!

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. ती खेळातून झाली तर उत्तमच.

एक कळकळीची विनंती: वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नका, 'जाड्या' म्हणून हिणवू तर अजिबात नका. लाजेपोटी मुलं चोरून खातात, मैदानावर जायचं टाळतात. वयानुसार बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, याचा) तक्ता बालरोगतज्ज्ञांकडून समजून घ्या, आणि जेवणातले बदल घरातल्या सगळ्यांनी मिळून करा.