मदत हवी आहे: रोबो मोवर चालतो, पातं थांबतं

लॉन्सचालक_जळगाव: आमच्या लॉन्सवर गवत कापायचा रोबो आहे. चाकं चालतात, पातं झटके घेऊन थांबतं. पडद्यावर 'ब्लेड मोटर ओव्हरलोड'. बंद-चालू करून झालं. रविवारी लग्न आहे, मंडपवाला शनिवारीच येतो. लवकर सांगा.

तापीकाठ: मॉडेल? गवत किती उंच? ओलं होतं का?

लॉन्सचालक_जळगाव: मॉडेलचं काय करायचंय? गवत नेहमीचंच.

चोपडेकर: कशाला ही खेळणी! पेट्रोलचा ब्रशकटर घ्या. माझ्या केळीच्या बागेत तोच चालतो.

तापीकाठ: बागेतलं तण नि लॉन एक नव्हे भो. रोबो रोज शेंड्याचे थोडे मिलिमीटरच कापतो. गवत वाढू दिलं की मोटर दमणारच. मधे बंद होता का?

लॉन्सचालक_जळगाव: हो, मृगाचा पाऊस झाला तेव्हा.

वायरमन_धुळे: बॅटरी गेली. ४५ अंशांत लिथियम टिकत नाही. बदलून टाका.

रिवाइंडिंगवाला: न बघता बॅटरी? आधी मेन स्विच बंद करा, जाड हातमोजे घाला, मशीन उलटं करा. पाती लावलेली चकती हातानं फिरवा. जड फिरली तर काहीतरी अडकलंय किंवा बेअरिंग गेलंय. हलकी फिरली तर वायर, कनेक्टर, कंट्रोलर बघू. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर असेल तर तीन वायरी असतात, कुठल्याही दोघींमधला रेझिस्टन्स सारखाच यायला हवा. आणि खालून प्रेशर वॉशर मारू नका.

हिरवळ_नंदुरबार: माझ्या लॉनमध्ये लव्हाळा फार झालाय. रोबोनं जाईल का?

लॉन्सचालक_जळगाव: जड फिरते. चकती काढली. शाफ्टला फुलांच्या माळेचा दोरा नि मंडपाच्या चमकीच्या झिरमिळ्या, गवताच्या चोथ्यात पार आवळून बसलेल्या. मागच्या लग्नाचं सामान. कापून काढलं. ओव्हरलोड गेलं, पण खरखर येतेय.

चोपडेकर: थोडं ऑइल सोडा.

रिवाइंडिंगवाला: अजिबात नको, आतलं ग्रीस धुऊन जाईल. दोऱ्यानं बेअरिंगचं सील (कडेचं झाकण) कापलं असेल, ओल आत गेली. बेअरिंग बदला. कडेला नंबर असतो, तोच मागा, पण रबर सीलचं घ्या. पत्र्याच्या झाकणाचं पाण्यात टिकत नाही. पाती बदलाल तेव्हा तिन्ही एकदम बदला, स्क्रूसकट. एकच नवं घातलं तर चकती थरथरते.

वायरमन_धुळे: वॉरंटी असेल तर खोलू नका.

लॉन्सचालक_जळगाव: वॉरंटी कधीच संपली. नंबर घासलाय, नुसतं ६० दिसतंय.

रिवाइंडिंगवाला: मग व्हर्नियरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) बेअरिंगचा आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मापा. ८, २२, ७ मिमी आलं तर ६०८, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल. दुसरं काही आलं तर इथे टाका.

हिरवळ_नंदुरबार: लव्हाळ्याचं कुणी सांगेल का?

तापीकाठ: त्याच्या गाठी जमिनीत असतात, वरून कापून जात नाही. वेगळा धागा काढा.