मदत हवी आहे: बोर्ग पट्टीला (व्यायामात किती श्रम वाटतात ते रुग्णाने स्वतः आकड्यात सांगायची पट्टी) मराठीत कोणते शब्द वापरता?

हार्ट ॲटॅकनंतर मेटोप्रोलॉल (नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर व्यायामातल्या कमाल नाडीचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र चालत नाही. गोळीमुळे नाडी तेवढी चढतच नाही. तो आकडा गाठायच्या नादात माणूस झेपेल त्यापेक्षा जोरात चालतो. म्हणून श्रमाची बोर्ग पट्टी, ६ (काहीच श्रम नाहीत) ते २० (जास्तीत जास्त श्रम) मधले ११ ते १३. घोडं अडतं ते इथे: धाप लागलेले आजोबाही ‘हलकंच आहे’ म्हणतात! बोलत चालता आलं पाहिजे हे सांगावं, तर एकटे चालणारे बोलणार कोणाशी? हरिपाठ पुटपुटत चाला, ओळ मध्येच तुटली की वेग कमी करा, असं सांगणं कितपत भरवशाचं? ११, १३, १५ साठी तुम्ही वापरता ते नेमके शब्द कृपया लिहा.