मदत हवी आहे : फुफ्फुसाच्या कर्करोगाचा दडलेला प्रसार शस्त्रक्रियेतच एन्झाईमवरून ओळखता येतो का?

नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. बाबांच्या (वय ६७, विडी-सिगारेट कधीच नाही) उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली असून बायॉप्सीत ती अ‍ॅडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) ठरली आहे. पेट-सीटीत छातीतल्या लसिका ग्रंथी चमकल्या नाहीत, ईबसने (श्वासनलिकेतून घातलेल्या अल्ट्रासाऊंड दुर्बिणीने) सुई घालून घेतलेल्या नमुन्यांतही काही सापडले नाही, म्हणून पुढच्या पंधरवड्यात लोबेक्टॉमी (फुफ्फुसाचा तो खंड काढून टाकणे) करायचे ठरले आहे.

सर्जननी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली. तपासण्या स्वच्छ असूनही काही रुग्णांच्या ग्रंथींत दोन मिलिमीटरपेक्षाही लहान पुंजके दडलेले असतात. शस्त्रक्रिया चालू असताना फ्रोजन सेक्शन (ऊती गोठवून लगेच केलेली तपासणी) केले, तरी एक-दोन कापांत न आलेला पुंजका हुकू शकतो. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

वाचताना कळले की जपानचे यासुतेरु उरानो, अमेरिकेतले हिसाताका कोबायाशी आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये एक फवारा मांडला होता. अनेक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर जास्त असणारे जीजीटी हे एन्झाईम त्यातल्या रेणूचा एक तुकडा तोडते आणि एरवी न चमकणारा रंग काही मिनिटांत हिरवा चमकू लागतो. ते मूळ काम उंदरांमधल्या अंडाशयाच्या कर्करोगावर होते. (बाबांच्या यकृताच्या रिपोर्टमध्ये छापलेले जीजीटी ते हेच, मात्र रक्तातल्या त्या आकड्यावरून फुफ्फुसातल्या प्रसाराबद्दल काही ठरवता येत नाही, हे मला समजले आहे.)

माझे विचारणे असे, की बाबांच्या शस्त्रक्रियेत अशा चाचणीचा आग्रह धरण्यात अर्थ आहे का, आणि नसेल तर छाती बंद करण्यापूर्वी काय झालेच पाहिजे, हे मी सर्जनना कसे विचारावे?

प्रतिसाद

ताई, मी वडोदऱ्याला हिस्टोपॅथॉलॉजीत (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासण्याच्या विभागात) काम करतो. एन्झाईमवर चालणाऱ्या रंगांपैकी पेगुलिसियानिनला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण ती स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी. फुफ्फुसासाठी २०२२ मध्ये मान्य झालेले पाफोलासियानिन पेशींवरच्या फोलेट रिसेप्टर या प्रथिनाला चिकटते, त्याचा एन्झाईमशी संबंध नाही. शिवाय जीजीटी सगळ्याच गाठींत सारखे वाढलेले नसते, त्यामुळे चमक दिसली नाही म्हणजे प्रसार नाही, असे मानता येत नाही. म्हणून आग्रह धरायचाच असेल तर ग्रंथी नीट काढण्याचा धरा. मध्यस्थानातल्या (दोन फुफ्फुसांमधल्या जागेतल्या) किमान तीन ठिकाणच्या ग्रंथी, त्यांत श्वासनलिकेच्या दुभाजकाखालची सातव्या क्रमांकाची हवीच, वेगवेगळ्या डब्यांत क्रमांक लिहून पाठवायला सांगा. सगळ्या एकाच डब्यात आल्या तर कुठल्या ठिकाणी रोग होता हे आम्हांलाही सांगता येत नाही, आणि पुढचा उपचार त्यावरच ठरतो. पॅराफिनमधल्या (मेणात बसवून घेतलेल्या) कापांचा अहवाल यायला काही दिवस लागतात, पण दडलेला पुंजका सापडण्याची शक्यता त्यातच अधिक असते.

गाठीतल्या ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची तपासणीही त्याच वेळी मागा. त्यांपासून बनणारी प्रथिने टायरोसिन कायनेज, म्हणजे एन्झाईमच आहेत. त्यांत बदल सापडला आणि रोगाचा टप्पा तसा निघाला, तर शस्त्रक्रियेनंतर गोळ्या देता येतात. ईजीएफआरसाठी ओसिमर्टिनिब साधारण तीन वर्षे देतात. धूम्रपान न करणाऱ्यांत हे बदल अधिक आढळतात, म्हणून बाबांच्या बाबतीत ही तपासणी टाळू नये.

मूळ लेखिका

दादा, मनापासून आभार. वेगळ्या डब्यांचे मला कोणीच सांगितले नव्हते. शुक्रवारी सर्जनना भेटताना ते कागदावर लिहूनच नेते. एक शंका राहते : बायॉप्सीचा जो नमुना आधीच लॅबमध्ये आहे, त्यावर ईजीएफआर आणि एएलके आताच करून घ्यावे, की काढलेल्या गाठीची वाट पाहावी?