नागपुरात आयएसपींच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या) मालकीचं एक्स्चेंज, म्हणजे आपसात ट्रॅफिकची देवाणघेवाण करायचं ठिकाण, हवं की नको?

बर्डीकर: धंतोलीचा ग्राहक एका आयएसपीचा, हिंगण्याचा दुसऱ्याचा. दोन्ही आयएसपी फक्त मुंबईत जोडलेले असतील, तर शेजारच्या शेजारी जाणारं पॅकेट मुंबई करून येतं. फायबरमध्ये किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद. मुंबईपर्यंत ९०० किलोमीटर धरले तरी पिंगला (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला) मुंबईचं अंतर चारदा कापावं लागतं, म्हणजे १८ मिलिसेकंद फुकट गेले. सगळ्यांनी मिळून इथंच एक स्विच ठेवावा, मालकी सभासदांची. लंडनचं लिंक्स हे एक्स्चेंज १९९४ पासून असंच चालतं. आपल्याला सहकार काय नवीन आहे?

रूटमॅप: साखर कारखान्यात ऊस सभासदाचा असतो, भाऊ. इथं ऊस, म्हणजे ट्रॅफिक, गूगल-मेटाचा. दोन स्थानिक आयएसपींमध्ये आपसात ट्रॅफिक असतं किती? कॅशे सर्व्हर (त्यांचा मजकूर इथंच साठवून देणारा) आणला तरी तो भरायला अपस्ट्रीम, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटची विकतची जोडणी, लागतं, त्याचं बिल कोण भरणार? मुंबईचं सर्किट तर सुटत नाहीच. मग निक्सीचं (राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजचं) पोर्ट तिथंच घ्या.

बर्डीकर: एकेकट्या छोट्या आयएसपीला कॅशे मिळेल इतकं ट्रॅफिकच नसतं, एकत्र आले तर होतं. भरणा पहाटे उरकायचा. बिल ९५ पर्सेंटाइलनं वाटा: दर ५ मिनिटांचं मोजमाप, ३० दिवसांचे ८६४० आकडे, सर्वात मोठे ४३२ सोडून द्यायचे, उरलेल्यांतल्या मोठ्यावर आकारणी. एखाद्या क्रिकेट सामन्यानं कोणी बुडत नाही.

लॅनमुनीम: पैशावर भांडा खुशाल, पण एक्स्चेंज बसतं ते लेयर टूवर, म्हणजे राउटरच्या खालच्या, स्विचच्या थरावर. एका पोर्टला एकच मॅक ॲड्रेस (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता), हा पहिला नियम. कोणी मधे स्वतःचा स्विच घालून लूप केला, म्हणजे पॅकेट गोलगोल फिरायला लागली, की सगळेच आडवे. ॲमस्टरडॅमचं एक्स्चेंजही मे २०१५ मध्ये लूपनंच झोपलं होतं. नवं पोर्ट आधी क्वारंटाइन व्हीलॅनमध्ये (बाकीच्यांपासून वेगळ्या आभासी नेटवर्कवर) ठेवून टीसीपीडंप (येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा. आयपीव्ही४, आयपीव्ही६ आणि एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता विचारणारा प्रोटोकॉल) सोडून काही दिसलं, म्हणजे एसटीपी, सीडीपी किंवा एलएलडीपी अशी स्विच-राउटरची आपसातली बोलणी, की परत पाठवा. प्रॉक्सी एआरपी बंद पाहिजे, नाहीतर तो राउटर दुसऱ्याच्या पत्त्यालाही 'मीच' म्हणतो आणि त्याचं ट्रॅफिक गिळतो.

राउट सर्व्हर (एका सभासदाचे राउट बाकीच्यांना कळवणारे) दोन, वेगळ्या मशीनवर, बर्ड हे सॉफ्टवेअर चालतं. राउट सर्व्हर पाथमध्ये (राउट कोणत्या नेटवर्कमधून आला त्या यादीत) स्वतःचा एएस नंबर (नेटवर्कचा क्रमांक) घालत नाही. म्हणून यादीत पहिला नंबर शेजाऱ्याचाच मागणाऱ्या सिस्को राउटरवर सेशन उभं दिसतं आणि राउट शून्य! 'नो बीजीपी एनफोर्स-फर्स्ट-एएस' ही कमांड टाकल्याशिवाय येत नाहीत. आणि डेटा राउट सर्व्हरमधून जातच नाही. तुमची-माझी वाट तुटली, पण सर्व्हर दोघांनाही दिसतोय, तर राउट तसेच राहतात आणि पॅकेट खड्ड्यात.

रूटमॅप: हेच म्हणतोय मी. रात्री दोनला हे बघणार कोण, संचालक मंडळ? सभासदाचं पोर्ट बंद करायचं तर आधी सभा बोलावतील.

लॅनमुनीम: पोटनियमात लिहून ठेवा: लूप दिसला की ड्युटीवरचा इंजिनिअर पोर्ट पाडेल, विचारणा नंतर. पोर्ट अध्यक्षाचं असलं तरी.