'इंद्रधनुष' आठवतं का? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनो, लिहा

१९८९ साली दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' नावाची हिंदी मालिका लागायची. आनंद महेंद्रूंची, 'देख भाई देख' पुढे त्यांनीच केली. शाळकरी पोरं सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करतात, अँड्रोमेडाचा राजकुमार त्यात येऊन बसतो आणि त्या यंत्रातून काळात मागे-पुढे जाता येतं. गिरीश कार्नाड होते आणि पोरांमध्ये करण जोहर होता. थोड्याच भागांत ती संपली. त्याच काळातलं 'महाभारत' सगळ्यांना आठवतं, हिची आठवण कुणी काढत नाही, आणि मला ते खरंच लागतं. आपल्या भागात ती कुणी, कुठं, कशी पाहिली ते लिहा. गोष्ट पूर्ण आठवत नसली तरी चालेल.

मीच सुरुवात करतो. आमच्याकडे टीव्ही नव्हता. अनगोळात शेजारी कन्नड कुटुंब होतं, त्यांच्या सोप्यात आम्ही आठ-दहा पोरं बसायचो. पहिल्यांदा कार्नाड दिसले तेव्हा त्या घरातल्या अज्जी म्हणाल्या, "इवरु नम्म धारवाडदवरु!" (हे आमच्या धारवाडचे!) माझी आई लगेच म्हणाली, "अहो, 'उंबरठा'तले ना हे? स्मिता पाटीलबरोबरचे? आमचेच की!" दोघींचंही खरं होतं. जन्म माथेरानचा, बालपण शिरसी आणि धारवाडचं, नाटकं कन्नडमध्ये, आणि मराठी पडद्यावरही ते आपल्याला आधीपासून ओळखीचे. आमच्या गल्लीत 'आमचं की तुमचं' हा शब्द निघाला की मोठी माणसं गप्प व्हायची. त्या दिवशी मात्र अज्जींनी आईच्या हातात चहाची कपबशी दिली आणि दोघी शेवटपर्यंत शेजारी बसून राहिल्या. २०१९ च्या जूनमध्ये कार्नाड गेले, तेव्हा मला त्यांची नाटकं नंतर आठवली. आधी आठवला तो सोपा.

वडगाव, बेळगाव

आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत हातमाग, मागं स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीतल्या कोनाड्यात काळा-पांढरा टीव्ही. लाईट गेली की टीव्ही बंद व्हायचा, पण माग चालूच. त्यामुळे कितीतरी भाग माझे अर्धेच राहिले. खटक-खटक आवाज चालू, आणि मी अंधारात बसून पुढं काय झालं असेल ते मनात जुळवायचो.

मालिकेतली पोरं कॉम्प्युटर जोडतात ते बघून मी दादांना विचारलं, कॉम्प्युटर आतून कसा असतो? दादा चौथीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, "मला काय ठाऊक? पण सांगितलेलं ध्यानात ठेवून काम करणारं यंत्र असंल तर ते आपल्या घरात हाय." आणि मागाच्या वर टांगलेली जकार्डची पत्त्यांची माळ दाखवली. साडीच्या काठाची नक्षी त्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक पत्ता पुढं सरकला की नक्षीची पुढची ओळ.

मला ते पटलं नव्हतं. सात-आठ वर्षांनी इंजिनिअरिंगला गेलो आणि पहिल्याच महिन्यात सरांनी फळ्यावर लिहिलं: फ्रान्समधला जॅकार्ड, १८०४ चा माग, भोकांचे पत्ते, इंग्लंडमधल्या बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी तीच कल्पना घेतली, पुढं कॉम्प्युटरही कितीतरी वर्षं अशाच पत्त्यांवर चालले. मी वही मिटून तसाच घरी आलो आणि दादांना सांगितलं. दादांनी माग थांबवला. लाईट गेल्यावरही न थांबणारा माग त्या दिवशी थांबला. त्यांनी मला तीच गोष्ट पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावली.

दादा आता नाहीत. त्या माळेतले चार पत्ते मी जपून ठेवलेत.

निपाणी

आई मालिका बघत विड्या वळायची. मांडीवर सूप, नजर टीव्हीवर. बोटं आपोआप चालायची, एक विडी चुकायची नाही. मला गोष्ट फारशी आठवत नाही, तंबाखूचा वास आठवतो.

संकेश्वर

त्यात झखाकू नावाचा खलनायक होता ना? आणि कॅप्टन तारा? आम्ही ऊस तोडून नेलेल्या रानात झखाकू-झखाकू खेळायचो.

(धागाकर्ता: ती 'स्पेस सिटी सिग्मा'. दूरदर्शनचीच, साधारण त्याच काळातली, पण वेगळी. तरी लिहा, तिच्याबद्दलही ऐकायचंय.)

जांबोटी, ता. खानापूर

पावसाळ्यात आमच्याकडे चित्र यायचंच नाही. थोरला भाऊ कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "आलं काय रे?" आम्ही खालून, "मुंग्याच दिसूलाल्यात!" कधी नुसता आवाज यायचा. तो राजकुमार मी जास्त ऐकलाय, पाहिलाय कमी.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. शाळेतल्या गुरुजींना विचारलं, अँड्रोमेडा म्हणजे कुठं? दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं तेव्हा त्यांनी रात्री खळ्यावर बोलावलं. महाश्व या तारकासमूहाचा मोठा चौकोन आधी दाखवला, मग त्याच्या कोपऱ्यावरून निघणारी देवयानीच्या ताऱ्यांची ओळ, आणि तिच्या बाजूला एक फिकट, पुसल्यासारखा ठिपका. म्हणाले, ही देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा समूह; इंग्रजीत हीच अँड्रोमेडा. तुमचा राजकुमार इथला. आज दिसतोय तो उजेड तिथून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. म्हणजे काळात मागं बघायला यंत्र लागतच नाही, हे मला तेव्हा कळलं. आमच्या गावात अजून अंधार चांगला असतो. दर दिवाळीला मुलींना घेऊन जाते आणि दाखवते.

टिळकवाडी, बेळगाव

पोरं स्वातंत्र्यलढ्याच्या काळात जातात तो भाग आजोबांनी पाहिला. एरवी ते बातम्या सोडून काही बघत नसत. १९२४ साली आमच्या इथं गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं (गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाला), तेव्हा आजोबा सोळा वर्षांचे, स्वयंसेवक. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. तिचं पाणी त्यांनी वाहिलेलं. तिथं एका लहान मुलीचं गाणं ऐकलेलं. ती गंगूबाई हनगल, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी समजलं.

भाग संपल्यावर ते मला म्हणाले, "असलं यंत्र मिळालं तर मला फार लांब नको नेऊ. विहिरीपर्यंत ने." दुसऱ्या दिवशी मी त्यांना हात धरून विहिरीवर नेलं. काठावर बराच वेळ उभे होते.

जांबोटी, ता. खानापूर

शेवटच्या भागात तो राजकुमार परत जातो का? कुणी पाहिलाय? आमच्याकडे त्या वेळी लाईट नव्हती.

वडगाव, बेळगाव

आमच्याकडं पण नव्हती.