मदत हवी आहे: सिमेंटचे जुने पत्रे न फोडता काढून देणारं कुणी? (इंदूर, रामबाग)

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोल्यांना सासऱ्यांच्या काळातले सिमेंटचे पत्रे आहेत, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचेच. आता तिथे स्लॅब घालायचा आहे. ठेकेदार म्हणतो, "भाभीजी, हथौड़े से दो घंटे में गिरा देंगे." मला हे अजिबात पटत नाही. पत्रा अखंड असतो तोवर धोका कमी, पण फोडला-कापला की सूक्ष्म तंतू हवेत उडतात, फुप्फुसात रुततात आणि २०-३० वर्षांनीसुद्धा कॅन्सर होऊ शकतो. खाली सासूबाई दम्याच्या, शेजारी तान्हं बाळ. आणि मजूर तर तोंडाला नुसता गमछा बांधून काम करणार, त्याने हे तंतू अडत नाहीत.

खरी रीत अशी: पत्रे भिजवायचे, नटबोल्ट खोलून अख्खे उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. इंदुरात असं काम करणारं कुणी माहीत आहे का?

उतरवलेले पत्रे द्यायचे कुठे? पीथमपूरला घातक कचऱ्याचा प्रकल्प आहे, तिथे घरचे पत्रे घेतात का, की महापालिकेमार्फत जावं लागतं? भंगारवाल्याला मी देणार नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर चढतील.

शिवाय दारांवर जुना ऑइल पेंट आहे. रंगातल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये आली, हा त्याच्या कितीतरी आधीचा, म्हणजे यात शिसं जास्त असू शकतं. कोरडा न घासता ओला घासणारा पेंटर असेल तर तोही सुचवा. काम पावसाळ्याआधी उरकायचं आहे.